हौसाक्कांचा भिंतीवरचा फोटो

एकदा एका छायाचित्रकाराला दुसऱ्याच्या कॅमेऱ्याचा हेवा वाटू लागला. हेवा वाटणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. ज्याला तो कधीच वाटला नाही त्याने पुढचे वाचले नाही तरी चालेल. नवल एवढेच, की या गृहस्थाच्या स्वतःच्या गळ्यात मोठा मिररलेस कॅमेरा होता, भिंगे बदलता येणारा, डोळा लावून पाहायला वर छोटी खिडकी असलेला. आणि ज्याचा हेवा वाटत होता तो कॅमेरा होता पत्त्यांच्या कॅटाएवढा, शर्टाच्या खिशात मावणारा, एका कोपऱ्याला पोचा आलेला.

हे घडले कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात. तिथे एक वृद्ध छायाचित्रकार होते. सारे गाव त्यांना आबा म्हणत असे. बसस्थानकामागे त्यांचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता, आणि त्या स्टुडिओची गावात जी प्रतिष्ठा होती ती लग्नाच्या अल्बमांमुळे नव्हे, तर एका वेगळ्याच कामामुळे.

त्या गावात अशी रीत आहे, की सत्तरी ओलांडलेला माणूस एखाद्या सकाळी धुतलेले कपडे घालून आपण होऊन स्टुडिओत येतो आणि म्हणतो, "भिंतीवरचा काढून ठेवा." भिंतीवरचा म्हणजे आपल्यामागे घरच्यांनी ज्याला हार घालायचा तो फोटो. यात कुणाला अभद्र वाटत नाही. ज्यांनी तो वेळेत काढून ठेवला नाही त्यांची गत गावाने पाहिलेली आहे. ऐन वेळी कुठल्याशा लग्नातल्या ग्रुपफोटोतून डोके कापून मोठे करावे लागते, आणि मग वर्षानुवर्षे भिंतीवर आजोबांच्या खांद्यावर कुण्या अनोळखी पाहुण्याचा हात राहतो.

आबांनी पन्नास वर्षे हे भिंतीवरचे फोटो काढले. आता ते ऐंशीच्या घरात पोहोचले होते आणि त्यांचे हात थरथरू लागले होते. येत्या पाडव्याला हे काम आपल्या दोन शिष्यांपैकी एकाच्या हाती सोपवायचे, असे त्यांनी जाहीर केले.

पहिला शिष्य दिगंबर, आपल्या गोष्टीतला हेवेकरी. बारा वर्षे तो आबांच्या हाताखाली होता. त्याने लग्ने काढली, बारशी काढली, पासपोर्टचे फोटो काढले. पण भिंतीवरच्या फोटोला आबांनी त्याला हात लावू दिला नव्हता. ते काम मिळाले म्हणजे आपण खरे छायाचित्रकार झालो, असे त्याने मनाशी धरले होते. तीन लग्नसराया राबून त्याने तो मिररलेस घेतला, तोही याच कामासाठी. आबांनंतर ते आपल्याकडेच येणार याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

शंका आली ती शैलजाताई आल्यावर. या बाई अठरा वर्षे अंगणवाडीत होत्या. सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांनी ते काम सोडले आणि थेट आबांसमोर येऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "मला फोटो शिकायचेत." कॅमेरा कुठला, असे आबांनी विचारले तेव्हा त्यांनी पर्समधून हा खिशात मावणारा काढून दाखवला. भावाने नवा फोन घेतल्यावर जुना कॅमेरा बहिणीला देऊन टाकला होता. दिगंबरने तो पाहिला आणि तोंड फिरवून हसू दाबले.

ताईंचा पहिला फोटो आला तेव्हा तर त्याला हसू दाबताही आले नाही. कॅमेऱ्यातली तारीख बंद करायची बाई विसरल्या होत्या, आणि भिंतीवरच्या फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी अक्षरांत ठसठशीत तारीख उमटली होती, तीही पुढच्या वर्षाची! घरचे लोक हबकले. फोटोतले आजोबा मात्र म्हणाले, "चला, पुढल्या सालापतुर तरी मुदत हाय." आणि कोपरा कापून त्यांनी तोच फोटो घेतला. दिगंबरने काढलेला, ज्यात भुवईचा केस न् केस मोजता येत होता, तो टेबलावरच राहिला.

टेबलावर राहिला म्हणजे काय, तर आबांनी पाडव्यापर्यंतची पद्धतच तशी ठेवली होती. येणाऱ्या प्रत्येक वृद्धाचा फोटो दोघांनीही काढायचा. दोन प्रती नावाशिवाय टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या. घरच्यांना जी हवी ती त्यांनी उचलावी.

पहिल्या आठवड्यात घरच्यांनी ताईंची प्रत उचलली. दुसऱ्या आठवड्यात दोनदा उचलली. मग तर दिगंबरला टेबलाकडे बघवेनासे झाले. कुणी प्रतींवरून बोट फिरवू लागले, की तो चोरून त्या बोटाकडे बघे. बोट आपल्या प्रतीपाशी क्षणभर थांबले, की त्याला आशा वाटे. आणि ते पुढे सरकले, की त्याच्या अंगाचा तिळपापड होई. शैलजाताई साध्या मनाने म्हणत, "तुझ्यात उजेड किती छान आलाय रे, दिगंबर." त्याला ते टोमण्यासारखे लागे. त्याचे जेवणात लक्ष राहिले नाही. बायकोने भाजीत मीठ कमी आहे का, असे विचारले तर तो म्हणाला, "बारा मेगापिक्सेलचा आहे गं तो नुसता!"

अखेर त्याने एक वही घेतली आणि मधोमध रेघ मारली. डाव्या बाजूला आपला कॅमेरा, उजव्या बाजूला ताईंचा. आपला प्रकाश टिपणारा सेन्सर पोस्टाच्या तिकिटाहून मोठा, तिचा हरभऱ्याच्या डाळीएवढा. आपली भिंगे तीन, तिचे एकच, तेही आत जाताना कुरकुरणारे. आपला फोटो दाराएवढा मोठा केला तरी फुटत नाही, तिचा हातभर झाला की दाणे दिसतात. डावी बाजू पान भरून वाहिली. उजव्या बाजूला बराच वेळ विचार करून त्याने एकच गुण लिहिला: खिशात मावतो.

त्या एका ओळीकडे पाहता पाहता त्याला साक्षात्कार झाला. हेवा करणाऱ्याला असे साक्षात्कार वरचेवर होतात. तडक आबांकडे जाऊन त्याने वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली.

"आबा, कोडं सुटलं. माझा कॅमेरा मोठा आहे, म्हातारी माणसं त्याला बुजतात. तिचा एवढासा आहे, तो त्यांच्या लक्षातही येत नाही. यात तिचं कर्तृत्व काही नाही. मला तो कॅमेरा द्या, मग बघा."

आबांनी चष्मा काढून पुसला. "बरं," ते म्हणाले. "उद्या पाच जण यायचेत. तिचा तू घे, तुझा तिला दे."

इतक्या सहज होकार मिळेल असे दिगंबरला वाटले नव्हते. शैलजाताईंनीही लगेच पर्समधून कॅमेरा काढून त्याच्या तळहातावर ठेवला. "तारीख बंद केलीय हं," त्या म्हणाल्या. आपला मिररलेस त्यांच्या गळ्यात घालताना मात्र दिगंबरचा जीव वरखाली झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी एक विचित्र गोष्ट केली. ते नेहमी छायाचित्रकाराच्या मागे उभे राहत, फोटो कसा बसतो आहे ते पाहत. त्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची उचलून समोर नेली, फोटोसाठी बसणाऱ्या माणसाच्या अगदी शेजारी ठेवली, आणि दिगंबरकडे तोंड करून बसले. पाची जणांच्या वेळी ते तिथून हलले नाहीत. बसलेल्या माणसाकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. पाहत होते ते दिगंबरकडे. त्याला काही उमगेना. म्हातारपणामुळे असेल, असे म्हणून त्याने तिकडे दुर्लक्ष केले.

त्या दिवशी शेवटी आल्या हौसाक्का. वय अठ्ठ्याहत्तर, भाजीच्या बाजारात हयात गेलेली, कपाळावर गोंदण, अंगावर नातीने इस्त्री केलेले हिरवे लुगडे. सोबत मुलगा. आधी शैलजाताईंनी त्या अवजड कॅमेऱ्याशी झटापट करत फोटो काढला. सवय नसल्याने त्यांनी खिडकीला डोळा लावलाच नाही. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा, चित्र दाखवणारा पडदा वर उचलून, कॅमेरा पोटाशी धरून, आक्कांशी वांग्याच्या भावावर बोलत बोलत त्यांनी बटण दाबले. मग दिगंबर पुढे झाला. या छोट्या कॅमेऱ्याला डोळा लावायची खिडकीच नव्हती. तो हातभर लांब धरून मागच्या पडद्यावर पाहावे लागे. दिगंबरने तो तसा धरला. मनात चालले होते, हिने वांग्याचे काय काढले मध्येच? आणि हिचा हसरा आला असेल का? आणि माझा मिररलेस तिने पाडला तर नाही ना?

हौसाक्का त्याच्याकडे पाहत होत्या. त्यांनी पदर सारखा केला. मग पुन्हा सारखा केला. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "माजं काय चुकलं का रं, लेकरा?"

"नाही नाही. हलू नका," दिगंबर म्हणाला आणि त्याने बटण दाबले.

संध्याकाळी प्रती टेबलावर मांडल्या गेल्या. चौघांच्या घरच्यांनी ताईंच्या प्रती उचलल्या. हौसाक्कांच्या वेळी मात्र चमत्कार झाला. मोठ्या कॅमेऱ्याने ताईंना दगा दिला होता. त्याने आक्कांचा चेहरा सोडून पाठीमागे टांगलेले कापड स्वच्छ टिपले होते आणि आक्का पुसट आल्या होत्या. मुलाने दिगंबरची प्रत उचलली. "हाच बरा," तो म्हणाला. "आई जरा भ्यालीया, पर वळखाय येतीया. चालंल की." आणि तो चौकट करायला घेऊन गेला.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा दिगंबरची प्रत उचलली गेली होती. त्याला उड्या माराव्याशा वाटल्या. शैलजाताईंचा चेहरा पडलेला पाहून, खरे सांगायचे तर, त्याला अधिकच बरे वाटले. ताई गेल्यावर तो आबांना म्हणाला, "बघितलंत? कॅमेऱ्याचाच गुण."

आबांनी संगणक सुरू केला. त्यांनी दिगंबरने त्या दिवशी काढलेले पाचही फोटो संगणकाच्या पडद्यावर एका ओळीत लावले आणि त्याला शेजारी बसवले.

"ही माणसं कुणाकडे बघताहेत?" त्यांनी विचारले.

"कॅमेऱ्याकडे."

"नीट बघ. डोळे कॅमेऱ्याच्या वर आहेत."

दिगंबरने पाहिले. पाची जणांची नजर भिंगाच्या किंचित वर होती. पाची जणांच्या कपाळावर एकच आठी होती. मास्तरांनी वर्गात उभे केल्यावर मूल जसे बघते तसे ते पाच वृद्ध बघत होते.

"कॅमेरा तुझाच चांगला, दिगंबर. त्यात वाद नाही," आबा म्हणाले. "तुझ्या वहीतली डावी बाजू अक्षरन् अक्षर खरी आहे. पण त्यात एक गोष्ट तू लिहिली नाहीस. तुझा कॅमेरा डोळ्याला लागतो, तेव्हा तुझा चेहरा त्याच्यामागे जातो. पाठीमागचा पडदा आहे त्याला, पण तू तो कधी वापरला नाहीस. समोरच्याला तू दिसतच नाहीस; म्हणून तुझ्या फोटोत माणसं नुसती बसलेली असतात. हा छोटा कॅमेरा हातभर लांब धरावा लागतो. चेहरा उघडा राहतो. आज सकाळी तुझा चेहरा काय होता ते मी समोर बसून पाहिलं. तू त्या माणसांकडे बघतच नव्हतास. त्यांच्या जागी तुला एकसारखी शैलजा दिसत होती. पण त्यांना हे कसं कळावं? त्यांना इतकंच दिसलं, की समोरचा माणूस आपल्यावर नाराज आहे. हौसाक्कांनी तर विचारलंसुद्धा."

दिगंबरची नजर पाचव्या फोटोवर, हौसाक्कांच्या आठीवर गेली.

"हेवा मनात असतो असं आपण समजतो. तो चेहऱ्यावर असतो, आणि ज्याच्याशी त्याचा काही संबंध नाही त्याला तो भोगावा लागतो. या बाईनं तुझं काय घेतलं होतं? ती आपला अखेरचा चेहरा ठेवायला आली होती. आता तिच्या पाठीमागं नातवंडं रोज सकाळी त्या भिंतीकडे बघतील, आणि ती रोज त्यांना विचारत राहील, माझं काय चुकलं?"

एवढे बोलून आबा उठले आणि खिडक्या लावू लागले. दिगंबर त्या पाच चेहऱ्यांसमोर बसून राहिला. आपण इतके दिवस आपल्याच पोटात जळत होतो, त्याची धग बाहेर कुणाला लागत असेल हे त्याच्या ध्यानातही आले नव्हते. त्याला लाज वाटली. इतकी, की पडद्यावरच्या आक्कांच्या डोळ्यांत त्याला पाहता येईना.

दोन दिवसांनी सकाळी धीर करून तो हौसाक्कांच्या घरी गेला. चौकट तयार होऊन आली होती आणि आक्कांनी ती फडताळात कापडात गुंडाळून ठेवली होती. त्या ओसरीवर मेथी निवडत होत्या.

"आक्का, तो फोटो बरा नाही आला. मी दुसरा काढतो."

"असू दे की," त्या म्हणाल्या. "माजं तोंडच तसलं हाय. त्याला तू तरी काय करशील?"

"तुमचं तोंड तसं नाही, आक्का. पुन्हा एकदा बसा."

आक्कांनी मान हलवली. "नगं बाबा. तुझ्याम्होरं न्हाई बसायची मी. जीव दडपतो." मग थोडा वेळ मेथी निवडून त्या म्हणाल्या, "त्या ताई काढत असतील तर बसंन."

दिगंबरला वाटले, याहून दोन थपडा दिल्या असत्या तर बरे. आजवर टेबलावरचे बोट न बोलता पुढे सरकत असे. आज ते शब्दांत सांगितले गेले होते. क्षणभर त्याच्या मनात आले, की म्हणावे, ताईंना सवड नाही. कुणाला कळणार होते? आक्का तोच फोटो ठेवणार होत्या, आणि पाडव्यापर्यंत तो एक विजय त्याच्या नावावर राहणार होता.

तो उठला आणि शैलजाताईंच्या घरी गेला. दारातच त्याने त्यांना सगळे सांगितले, वहीसुद्धा सांगितली. ते सांगताना त्याचे कान तापले होते. ताई ऐकून म्हणाल्या, "अरे, मला त्या मोठ्या कॅमेऱ्याचा इतका हेवा वाटायचा, की तो गळ्यात घातल्यावर माझं भानच सुटलं होतं. मागच्या कापडाचाच फोटो काढून बसले ना!" आणि त्यांनी चप्पल घातली.

दोघे हौसाक्कांच्या अंगणात आले. ताईंनी आपला छोटा कॅमेरा घेतला. दिगंबरकडे काम उरले ते थर्मोकोलचा पांढरा तक्ता धरायचे. सावलीची बाजू काळी पडू नये म्हणून त्यावरून उजेड चेहऱ्यावर टाकतात. बारा वर्षे मुरलेला कारागीर तक्ता धरून ताईंच्या उजव्या हाताला उभा राहिला.

आक्का ओसरीच्या कडेला बसल्या होत्या. दिगंबर दिसताच त्यांचा हात पुन्हा पदराकडे गेला.

"आक्का," दिगंबर म्हणाला, "त्या दिवशी तुमचं काही चुकलं नव्हतं. चुकलं माझं. तुम्ही समोर बसला होतात, आणि मी तुमच्याकडे बघायचं सोडून भलतीकडेच बघत होतो."

हौसाक्कांनी त्याला नीट न्याहाळले.

"मग बघ की आता," त्या म्हणाल्या.

त्याने पाहिले. कपाळावरचे गोंदण पाहिले, उन्हात काढलेल्या साठ वर्षांनी रापलेले गाल पाहिले, एक पडलेला दात पाहिला. आपण यांचा फोटो काढला होता आणि यातले काहीही आपल्याला आठवत नाही, हे त्याच्या लक्षात आले. त्याच्या चेहऱ्याकडे पाहता पाहता आक्कांच्या कपाळावरची आठी गेली. ताईंनी बटण केव्हा दाबले ते दोघांनाही कळले नाही.

पाडव्याला आबांनी भिंतीवरच्या फोटोंचे काम शैलजाताईंच्या हाती सोपवले. दिगंबरला वाईट वाटले. फार वाईट वाटले, आणि ते त्याने आबांना सांगितलेही. आबा म्हणाले, "वाटणारच. बारा वर्षं वाट पाहिलीस." अधिक समजूत त्यांनी काढली नाही, आणि दिगंबरनेही ती मागितली नाही.

पाडव्यानंतर दोन दिवसांनी हौसाक्का मुलाला आणि जुन्या फोटोची चौकट घेऊन नवा फोटो न्यायला आल्या. मुलाने तो हातात घेतला, उलटसुलट केला, लांब धरून पाहिला.

"ताई, ह्यात आई सरळ बघत न्हाई," तो म्हणाला. "बाजूला बघतीया. भिंतीवर कसं दिसायचं त्ये? दुसरा न्हाई का?"

शैलजाताई काही सांगणार, तेवढ्यात हौसाक्कांनी मुलाच्या हातातून फोटो काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे ह्योच," त्या म्हणाल्या. "तिकडं एक जण माज्याकडं बघत हुता."

दिगंबरने जुना फोटो चौकटीतून काढला आणि नवा बसवून दिला. मागच्या पुठ्ठ्यावर छायाचित्रकाराचे नाव लिहायची स्टुडिओची पद्धत होती. त्याने तिथे शैलजाताईंचे नाव लिहिले. लिहिताना त्याला थोडे दुखले. पण अक्षर त्याने स्वच्छ काढले.